सँ-दनी : राजांच्या थडग्यांचे आणि कामगारांच्या वस्त्यांचे शहर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सँ-दनी हे शहर नेमके कुठे आहे?

पॅरिसच्या उत्तर सीमेला लागून, सीन नदीच्या उजव्या तीरावर हे शहर वसलेले आहे. २०२४ च्या ऑलिंपिकच्या बातम्यांमध्ये आपल्याकडील वर्तमानपत्रांनी ज्याचा उल्लेख ‘सेंट डेनिस’ असा केला, तेच हे गाव. प्रशासकीय दृष्ट्या ते सेन-सँ-दनी या जिल्ह्यात मोडते. पूर्वीच्या सेन जिल्ह्याची विभागणी होऊन १९६८ साली हा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याला नाव याच शहराचे मिळाले असले, तरी मुख्यालय मात्र बोबिन्यी येथे आहे. १ जानेवारी २०२५ रोजी शेजारचे पिएरफित हे गाव सँ-दनीमध्ये विलीन झाले आणि एकत्रित लोकसंख्या सुमारे दीड लाखावर पोहोचली.

पॅरिसला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी विमानतळावरून शहरात येताना याच परिसरातून जातात आणि न थांबता पुढे निघून जातात. ज्या भूमीवर फ्रान्सच्या राजसत्तेने हजार वर्षे आपले मृत पुरले आणि जिथे पुढे आधुनिक फ्रान्सच्या कामगारवर्गाने आपली घरे केली, ती भूमी अशी ओलांडून जावी, याचे वाईट वाटते.

शहराला हे नाव कोणामुळे मिळाले?

पॅरिसचे पहिले बिशप मानले जाणारे संत दनी यांच्यामुळे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, रोमन अमलात, रुस्तिक आणि एल्युतेर या दोन सहकाऱ्यांसह त्यांचा शिरच्छेद करण्यात आला, असे परंपरा सांगते. शिरच्छेद मोंमार्त्रच्या टेकडीवर झाला आणि त्यानंतर संतांनी स्वतःचे मस्तक हातात घेऊन उत्तरेकडे चालत जाऊन आजच्या सँ-दनीच्या जागी देह ठेवला, ही आख्यायिका मध्ययुगात घरोघरी पोहोचली होती. फ्रान्समधील अनेक चर्चच्या दर्शनी भागावर हातात स्वतःचे डोके धरलेली जी मूर्ती दिसते, ती त्यांचीच.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढे निश्चित म्हणता येते, की रोमन काळात कातोलाकस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी एक दफनभूमी होती आणि एका थडग्याभोवती लोकांची श्रद्धा एकवटलेली होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या संत जनव्हिएव्ह यांनी त्या जागी चर्च बांधवून घेतले, असे मानले जाते. संतांच्या थडग्याजवळ आपले दफन व्हावे, अशी त्या काळच्या प्रतिष्ठितांची इच्छा असे आणि पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ या इच्छेत आहे.

राजघराण्याने हीच जागा का निवडली?

सुरुवात एका राणीपासून झाली. सहाव्या शतकातील मेरोव्हिंजियन या फ्रँक राजघराण्यातील राणी आरेगोंद हिचे थडगे १९५९ साली बॅसिलिकेच्या, म्हणजे संतांच्या थडग्याच्या जागी उभ्या असलेल्या मोठ्या चर्चच्या, जमिनीखाली उत्खननात सापडले. वस्त्रांचे अवशेष, दागिने आणि तिचे नाव कोरलेली अंगठी त्यात मिळाली. त्यानंतर राजा दागोबेर पहिला याने या चर्चला जोडलेल्या मठाला जमिनी आणि संपत्ती दिली आणि ६३९ साली मृत्यूनंतर त्याचे दफनही इथेच झाले. तेव्हापासून राजे इथे विसावू लागले.

तरीही केवळ श्रद्धेने हे घडले असे मानणे अपुरे ठरेल. राजघराणे बदलले, की नव्या राजाला आपली सत्ता न्याय्य आहे हे दाखवावे लागे आणि त्यासाठी सँ-दनीचा आधार सर्वांत सोयीचा होता. मेरोव्हिंजियनांना बाजूला सारून सत्तेवर आलेल्या पेपँ याने ७५४ साली पोप स्टीफन दुसरे यांच्या हस्ते स्वतःचा आणि आपल्या दोन मुलांचा तैलाभिषेक इथे करवून घेतला. त्या मुलांपैकी एक म्हणजे पुढचा सम्राट शार्लमेन. ९८७ साली सत्तेवर आलेल्या कापे घराण्याच्या संस्थापकानेही दफनासाठी हीच जागा पत्करली. म्हणजे पूर्वीच्या घराण्याच्या मृतांशेजारी आपले मृत ठेवून नवे घराणे स्वतःला त्याच परंपरेचा वारस ठरवत असे. मठातील भिक्षूंनीही या कामाला लेखणीची जोड दिली. फ्रान्सच्या राजांचा अधिकृत म्हणावा असा इतिहास तेराव्या शतकात त्यांनीच लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणला.

सुजेर हे नाव सतत येते. ते कोण होते?

सुजेर हे ११२२ पासून ११५१ मध्ये मृत्यू होईपर्यंत या मठाचे मठाधिपती होते. सामान्य घरात जन्मलेला हा मनुष्य बालपणीच मठात दाखल झाला आणि पुढे दोन राजांचा सल्लागार बनला. लुई सातवा दुसऱ्या धर्मयुद्धावर गेला असताना ११४७ ते ११४९ या काळात राज्याचा कारभार सुजेर यांनी सांभाळला. परंतु त्यांचे नाव आज घेतले जाते ते एका बांधकामामुळे.

जुने चर्च यात्रेकरूंच्या गर्दीला अपुरे पडत होते. सुजेर यांनी प्रथम पश्चिमेकडचा दर्शनी भाग बांधून घेतला, ज्याचे पवित्रीकरण ११४० साली झाले, आणि लगेच पूर्वेकडील वेदीमागच्या भागाला हात घातला, जो चार वर्षांत पूर्ण होऊन ११ जून ११४४ रोजी राजा, राणी आणि अनेक बिशपांच्या उपस्थितीत खुला झाला. टोकदार कमान आणि फासळ्यांवर पेललेले छत ही दोन्ही तंत्रे त्याआधी इतरत्र वापरात होती. सँ-दनीत ती एकत्र आणली गेली ती एका ठरावीक हेतूने. छताचा भार बारीक खांबांवर सोपवल्यामुळे भिंतींची जाडी अनावश्यक ठरली, जिथे भिंत होती तिथे रंगीत काचेची उंच तावदाने आली आणि वेदीभोवतीचा प्रदक्षिणामार्ग व त्याला लागून असलेली छोटी उपासनागृहे एकाच उजेडात न्हाऊन निघाली. प्रकाश हे ईश्वराचे रूप आहे आणि दृश्य सौंदर्यातून मन अदृश्याकडे जाते, अशी सुजेर यांची धारणा होती, आणि ती त्यांनी बांधकामाविषयीच्या स्वतःच्या लेखनात नोंदवून ठेवली आहे. ज्याला आपण आज गॉथिक वास्तुशैली म्हणतो, तिचा आरंभ सर्वसाधारणपणे इथे मानला जातो.

खर्चिकपणाबद्दल त्यांच्यावर त्या काळातही टीका झाली. सोने, रत्ने, मौल्यवान पात्रे यांचा त्यांना संकोच नव्हता. एका प्राचीन दगडी कुंभाला त्यांनी सोनेरी गरुडाचे रूप देऊन घेतलेले पात्र आज लूव्र संग्रहालयात आहे. टीकाकारांचा मुद्दा समजू शकतो, पण प्रदक्षिणामार्गात सकाळच्या वेळी उभे राहिल्यावर सुजेर यांची बाजू अधिक पटते, हे सांगितलेच पाहिजे.

आज दिसणारी संपूर्ण इमारत सुजेर यांच्या काळातील आहे का?

नाही. सुजेर यांच्या काळातील पश्चिमेचा दर्शनी भाग, पूर्वेचा प्रदक्षिणामार्ग आणि त्याखालील तळघर शिल्लक आहे. मधला उंच सभामंडप, आडवा मंडप आणि वेदीचा वरचा भाग १२३१ पासून नव्याने बांधण्यात आला व तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते काम चालले. त्यामुळे एकाच छपराखाली गॉथिक शैलीची पहिली पावले आणि शंभर वर्षांनंतरची तिची परिपक्व अवस्था, दोन्ही पाहायला मिळतात. आडव्या मंडपाच्या दोन्ही टोकांना असलेली भव्य गोलाकार गवाक्षे त्या दुसऱ्या टप्प्यातील आहेत. काचांच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण क्रांती आणि दुर्लक्ष यांमुळे मूळ काचांपैकी थोड्याच उरल्या असून बरेचसे काम एकोणिसाव्या शतकातील आहे.

इथे किती राजे पुरलेले आहेत? फ्रान्सचे सर्वच राजे इथे आहेत का?

चाळीसहून अधिक राजे, तीसहून अधिक राण्या आणि त्यांशिवाय साठेक राजपुत्र व राजकन्या यांचे दफन इथे झाले. सत्तरहून अधिक शिल्पे आणि स्मारके आज पाहता येतात. मध्ययुगीन दफनशिल्पांचा इतका मोठा संग्रह युरोपात इतरत्र एकत्र सापडणे कठीण आहे.

सर्वच राजे मात्र इथे नाहीत. फिलिप पहिला, लुई सातवा आणि लुई अकरावा यांनी आपल्यासाठी दुसऱ्या जागा निवडल्या. शार्ल दहावा परागंदा अवस्थेत वारला आणि त्याचे थडगे आजच्या स्लोव्हेनियात आहे. लुई-फिलिप द्रो येथे विसावला आहे. १८२४ साली दफन झालेला लुई अठरावा हा इथला शेवटचा राजा.

उलट काही शिल्पे अशा राजांची आहेत, ज्यांचे दफन मुळात इथे झालेच नव्हते. क्लोव्हिस याची प्रतिमा पॅरिसच्या एका मठातून आणि शिल्दबेर याची दुसऱ्या मठातून, क्रांतीनंतरच्या उलथापालथीत इथे येऊन पोहोचली. म्हणून शिल्प दिसले, की खाली तो राजा आहेच, असे गृहीत धरू नये.

कोणती शिल्पे आवर्जून पाहावीत?

वेळ कमी असेल तर पुढील चार ठिकाणी थांबावे.

पहिले ठिकाण म्हणजे लुई नववा याने तेराव्या शतकाच्या साठीच्या दशकात एकाच वेळी करवून घेतलेली सोळा शयनमूर्तींची, म्हणजे थडग्यांवरील निजलेल्या अवस्थेतील मूर्तींची, मालिका. त्या राजांना मरून तोपर्यंत शतके उलटली होती, त्यामुळे चेहऱ्यांत साम्याचा प्रयत्नच नाही. सर्व चेहरे शांत आणि तरुण आहेत, डोळे उघडे आहेत. त्यांची मांडणी हाच खरा संदेश होता. एका बाजूला जुनी घराणी, दुसऱ्या बाजूला कापे घराणे आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणून लुई नववा याचे स्वतःचे वडील व आजोबा. राजवंश अखंड आहे, हे दगडात मांडलेले प्रतिपादन होते.

दुसरे, शार्ल पाचवा याची प्रतिमा. ती त्याने १३६४ साली, म्हणजे आपल्या हयातीतच, शिल्पकार आंद्रे बोनव्ह यांच्याकडे सोपवली. त्यामुळे तो रुंद, लांबट नाकाचा, काहीसा थकलेला चेहरा खऱ्या माणसाचा वाटतो. त्याचा सेनापती बेर्त्रां द्यू गेक्लँ यालाही राजाजवळच जागा मिळाली, आणि राजवंशाबाहेरच्या व्यक्तीसाठी हा बहुमान दुर्मीळ होता.

तिसरे, लुई बारावा आणि आन द ब्रतान्य यांचे संगमरवरी स्मारक. फ्लॉरेन्सहून आलेल्या जुस्ती बंधूंनी ते घडवले. वरच्या मजल्यावर राजाराणी गुडघे टेकून प्रार्थना करीत आहेत, तर खाली त्यांचीच विवस्त्र शवे पडलेली आहेत. देह टिकवण्यासाठी पोटावर घेतलेला आणि नंतर शिवलेला छेदही शिल्पकाराने लपवलेला नाही.

चौथे स्मारक आंरी दुसरा आणि कातरीन द मेदिची यांचे. पतीच्या मृत्यूनंतर तीस वर्षे जगलेल्या या राणीने स्मारकाच्या कामावर स्वतः लक्ष ठेवले. तिच्या शवाची पहिली प्रतिमा फारच खंगलेली दाखवल्यामुळे ती बाजूला पडली आणि पुढे जेर्मँ पिलाँ यांनी झोपल्यासारखी दिसणारी, सुंदर प्रतिमा घडवली. नाकारलेली प्रतिमा लूव्रमध्ये आहे. दोन्ही पाहिल्या, तर मृत्यूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकाच राणीच्या देहावर कशा आल्या, हे लक्षात येते.

राज्याभिषेकही इथेच होत असे का?

राजांचा राज्याभिषेक सामान्यतः रँस येथे होत असे, मात्र मुकुट, राजदंड आणि अभिषेकाची वस्त्रे सँ-दनीच्या मठात ठेवलेली असत. युद्धावर निघताना राजा ‘ओरिफ्लाम’ नावाचे लाल निशाण याच वेदीवरून उचलत असे. १४१५ च्या आझँकूरच्या पराभवापर्यंत ते रणांगणावर दिसले. काही राण्यांचा अभिषेक मात्र इथे झाला. मारी द मेदिची हिचा अभिषेक १३ मे १६१० रोजी झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या पतीची, आंरी चौथा याची, पॅरिसच्या रस्त्यावर हत्या झाली.

त्याच आंरीने १५९३ साली, २५ जुलै रोजी, प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारण्याचा विधी याच चर्चमध्ये केला होता. पॅरिस तेव्हा त्याच्या विरोधकांच्या ताब्यात असल्याने हा विधी राजधानीत करणे शक्यच नव्हते. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, १४२९ मध्ये, पॅरिसवरील हल्ला फसल्यानंतर जोन ऑफ आर्क हिने आपले चिलखत संतांना अर्पण केले होते, तेही इथेच.

फ्रेंच राज्यक्रांतीत थडग्यांचे काय झाले?

१ ऑगस्ट १७९३ रोजी ‘नॅशनल कन्व्हेन्शन’ या क्रांतिकाळातील प्रतिनिधी सभेने राजांची थडगी नष्ट करण्याचा आदेश दिला. ऑगस्टमध्ये स्मारके मोडण्यात आली आणि ऑक्टोबरमध्ये शवपेट्या उघडण्याचे काम सुरू झाले. शिसे वितळवून युद्धासाठी वापरणे हा एक व्यावहारिक हेतू होता, पण राजांच्या पवित्रतेची कल्पनाच मोडून काढणे हा मोठा हेतू होता. आंरी चौथा याचा देह इतका सुस्थितीत निघाला, की लोकांना तो पाहता यावा म्हणून काही काळ उभा करून ठेवण्यात आला. लुई पंधरावा याची शवपेटी १६ ऑक्टोबर रोजी उघडली गेली. त्याच दिवशी पॅरिसमध्ये त्याची नातसून मारी आंत्वानेत हिला गिलोटिनवर नेण्यात आले. सर्व देह चर्चच्या उत्तरेकडील दोन खड्ड्यांत टाकून त्यांवर चुना पसरण्यात आला. शहराचे नावही बदलून काही वर्षे ‘फ्रांसियाद’ करण्यात आले.

शिल्पे वाचली, त्याचे श्रेय मुख्यतः आलेक्सांद्र लन्वार यांना जाते. राजांची स्मृती म्हणून नव्हे, तर कलाकृती म्हणून ती जपली पाहिजेत, असे पटवून देत त्यांनी ती पॅरिसमधील एका रिकाम्या मठात हलवली आणि तिथे संग्रहालय उभारले. थडगी फोडणाऱ्यांच्या रागामागे शतकांचा अन्याय होता, हे मान्य करूनही, लन्वार यांच्यासारखा मनुष्य त्या क्षणी तिथे होता, याबद्दल कृतज्ञताच वाटते.

मग ते अवशेष आज कुठे आहेत?

राजसत्ता परत आल्यावर लुई अठरावा याने १८१५ साली, २१ जानेवारी रोजी, लुई सोळावा आणि मारी आंत्वानेत यांचे अवशेष पॅरिसमधील माद्लेन दफनभूमीतून आणून इथे पुरले. १८१७ साली ते दोन खड्डे उघडण्यात आले, परंतु चुन्यामुळे कोणाची हाडे कोणती हे ओळखणे अशक्य झाले होते. म्हणून ती सर्व एकत्र करून तळघरातील एका अस्थिकक्षात ठेवली गेली आणि बाहेर संगमरवरी फलकांवर नावे कोरण्यात आली. म्हणजे बहुतेक शयनमूर्तींखाली आज कोणीही नाही. सर्व घराण्यांचे राजे आणि राण्या एका खोलीत, एकमेकांत मिसळून विसावले आहेत. तुरुंगात दहाव्या वर्षी वारलेल्या लुई सतरावा याचे हृदय जनुकीय तपासणीनंतर २००४ साली इथे ठेवण्यात आले.

बॅसिलिकेला एकच मनोरा का आहे?

समोरून, पश्चिमेच्या दर्शनी भागाकडे पाहिले, की डावीकडची, म्हणजे उत्तरेची बाजू रिकामी दिसते. तिथे मूळचा मनोरा होता आणि त्यावर निमुळते उंच शिखर होते. १८३७ साली त्यावर वीज पडली. वास्तुविशारद फ्रान्स्वा दब्रे यांनी ते पुन्हा बांधले, मात्र १८४५ च्या वादळानंतर तडे वाढत गेले आणि कोसळण्याच्या भीतीने शिखर व मनोरा दोन्ही उतरवावे लागले. दब्रे यांच्या जागी व्हिओले-ल-द्यूक यांची नेमणूक झाली. शिखर पुन्हा उभारण्याची मागणी शहरवासीयांनी दीर्घकाळ लावून धरली आणि अलीकडच्या वर्षांत ते काम प्रत्यक्ष हाती घेण्यात आले आहे. पावणेदोन शतकांपूर्वी हरवलेले शिखर आज उभारणे योग्य की अयोग्य, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत उभारणीच्या बाजूने आहे, कारण शेजारच्या वस्त्यांतील लोकांना दगड घडवण्याचे काम डोळ्यांसमोर चाललेले दिसावे, यात मोठा अर्थ आहे.

बॅसिलिकेला लागून असलेली मोठी इमारत कशाची आहे?

ती अठराव्या शतकात नव्याने बांधलेली मठाची वास्तू. आराखडा रॉबेर द कोत यांचा. क्रांतीनंतर भिक्षू गेले आणि नेपोलियनने इथे लेजियन ऑफ ऑनर या सन्मानाच्या मानकऱ्यांच्या मुलींसाठी शाळा सुरू केली. ती शाळा आजही चालू आहे. मानकऱ्यांच्या मुली, नाती आणि पणती तिथे शिकतात. परिसर एरवी बंद असतो, त्यामुळे वारसा दिनासारखा प्रसंग साधावा लागतो.

शहरातील संग्रहालय पाहण्यासारखे आहे का?

अवश्य, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष अन्यायकारक आहे. पोल एल्युआर कला व इतिहास संग्रहालय हे सतराव्या शतकात स्थापन झालेल्या कार्मेल पंथाच्या भिक्षुणींच्या मठात आहे. लुई पंधरावा याची धाकटी मुलगी लुईझ हिने १७७० साली राजवाडा सोडून याच मठात प्रवेश केला आणि १७८७ मध्ये इथेच तिचे निधन झाले. घुमट असलेले उपासनागृह तिच्याच काळातले. ज्या मठात राजकन्येने व्रत घेतले, तिथेच आज १८७१ च्या पॅरिस कम्यून या क्रांतिकारी नगरसरकाराविषयीचा मोठा संग्रह ठेवलेला आहे. याशिवाय शहरात झालेल्या उत्खननांतील वस्तू आहेत आणि कवी पोल एल्युआर यांच्याशी संबंधित दालन आहे. एल्युआर यांचा जन्म १४ डिसेंबर १८९५ रोजी याच शहरात झाला.

राजांचे गाव कारखान्यांचे शहर कसे झाले?

कारण भूगोलाचे आहे. पॅरिस आणि सँ-दनी यांच्यामध्ये मोकळे, सपाट मैदान होते. मध्ययुगात तिथे दरवर्षी जून महिन्यात लांदी नावाची जत्रा भरत असे, आणि पॅरिस विद्यापीठाचे लोक तिथे चर्मपत्र खरेदीसाठी येत. एकोणिसाव्या शतकात हेच मैदान उद्योगांच्या कामी आले. १८२१ साली सँ-दनी कालवा खुला झाला आणि ला व्हिलेतपासून सीन नदीपर्यंत मालवाहू नावांची ये-जा सुरू झाली. १८४० च्या दशकात रेल्वे आली. राजधानीच्या हद्दीबाहेर जमीन स्वस्त होती, आणि धूर व दुर्गंधी ओकणारे उद्योग पॅरिसला आपल्या अंगणात नको होते.

रासायनिक कारखाने, ओतशाळा, गॅसनिर्मिती, चांदीचा मुलामा दिलेल्या भांड्यांसाठी प्रसिद्ध क्रिस्तोफ्ल, पियानो बनवणारी प्लेयेल, शस्त्रे आणि पुढे मोटारगाड्या बनवणारी होचकिस, असे कारखाने इथे उभे राहिले आणि प्लेन सँ-दनी, म्हणजे हे मैदान, हा युरोपातील मोठ्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये गणला जाऊ लागला. प्लेयेलचा कारखाना केव्हाच बंद झाला, पण तो चौक आणि आता मेट्रोचे मोठे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते.

कामगार प्रथम ब्रतान्य प्रांतातून आले, नंतर स्पेन आणि इटलीतून. मैदानातील एका वस्तीला ‘छोटे स्पेन’ असेच म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगाल, अल्जीरिया, मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतून माणसे आली. शहरातील फ्रांक-म्वाझँ या भागात त्यांपैकी अनेकांनी पत्र्याच्या आणि फळ्यांच्या झोपड्यांत वर्षे काढली. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीस ती झोपडपट्टी हटली आणि जागी उंच सदनिका आल्या. त्यानंतर कारखाने एकामागून एक बंद पडले. ज्यांना काम देण्यासाठी बोलावले होते, त्यांची मुले बेकारीत वाढली, आणि या शहराविषयी आज जे बरेवाईट बोलले जाते, त्याची मुळे या दोन घटनांमधल्या थोड्या अंतरात आहेत.

याला ‘लाल शहर’ का म्हणत?

१८९२ सालीच इथली नगरपालिका समाजवाद्यांनी जिंकली होती आणि पुढे शहर कम्युनिस्टांचा बालेकिल्ला बनले. त्यात एक काळा अध्यायही आहे. १९३१ साली कम्युनिस्ट म्हणून महापौर झालेले ज्याक दोरिओ १९३४ मध्ये पक्षाबाहेर काढले गेले, १९३६ मध्ये त्यांनी फॅसिस्ट वळणाचा पक्ष स्थापन केला आणि युद्धकाळात ते नाझींच्या बाजूने उभे राहिले. नाझींच्या ताब्यातून मुक्ती झाल्यानंतर कम्युनिस्ट पुन्हा सत्तेवर आले आणि २०२० पर्यंत नगरपालिका त्यांच्याकडे राहिली. बॅसिलिकेपासून जवळच ब्राझीलचे वास्तुविशारद ऑस्कर नीमेयर यांनी कम्युनिस्टांच्या ‘ल्युमानिते’ या दैनिकासाठी रेखाटलेली, १९८९ साली पूर्ण झालेली वळणदार काचेची इमारत उभी आहे. दैनिक आता तिथे नाही.

स्ताद द फ्रान्सविषयी काय माहीत असावे?

जुन्या गॅस कारखान्याच्या जमिनीवर बांधलेल्या या मैदानाचे उद्घाटन २८ जानेवारी १९९८ रोजी फ्रान्स-स्पेन सामन्याने झाले. पहिला गोल झिनेदिन झिदान यांनी केला. त्याच वर्षी १२ जुलै रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने ब्राझीलला ३-० असे हरवले. त्यातले दोन गोल पुन्हा झिदान यांचे होते. सुमारे ८० हजार प्रेक्षक बसू शकतील अशा या मैदानाचे लंबवर्तुळाकार छत १८ पोलादी खांबांना टांगलेले आहे, आणि खालच्या प्रेक्षागाराचा भाग मागे सरकवला, की खाली धावण्याचा मार्ग उघडा होतो. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री सामना चालू असताना याच मैदानाबाहेर आत्मघाती स्फोट झाले होते.

२०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मैदानी स्पर्धा इथे झाल्या. त्यासाठी महामार्गापलीकडे नवे जलतरण केंद्र बांधण्यात आले आणि दोन्हींना जोडणारा पादचारी पूलही. क्रीडाग्राम सँ-दनी, सँ-तुआँ आणि लील-सँ-दनी या तीन गावांच्या हद्दीत होते. त्याचे भोजनगृह ज्या वास्तूत होते, ते एकेकाळचे औष्णिक वीजकेंद्र होय.

या मैदानाचा भारताशी आणि महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे. २००३ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत अंजू बॉबी जॉर्ज यांनी लांब उडीत मिळवलेले कांस्यपदक याच मैदानावरचे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी नीरज चोप्रा यांनी इथेच ८९.४५ मीटर भालाफेक करून रौप्यपदक मिळवले. त्याच्या आदल्या दिवशी बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी इथे धावले आणि अकरावे आले. ४ सप्टेंबर रोजी सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी पॅरालिंपिकच्या गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतर नोंदवून रौप्यपदक पटकावले. आटपाडी आणि आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यांतील तरुणांची नावे जिथे पुकारली गेली, त्या जागेशी आपले नाते नाही असे कसे म्हणावे?

शहर पाहायला जावे कसे आणि किती वेळ ठेवावा?

पॅरिसहून मेट्रोची १३ क्रमांकाची मार्गिका थेट ‘बॅसिलिक द सँ-दनी’ स्थानकाला येते. १४ क्रमांकाची मार्गिका २०२४ पासून सँ-दनी प्लेयेलपर्यंत धावते आणि ते स्थानक जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी रेखाटलेले आहे. मैदानाकडे जायचे असल्यास उपनगरी रेल्वेच्या बी किंवा डी मार्गिकेने जावे.

बॅसिलिकेच्या सभामंडपात प्रवेश विनामूल्य आहे, थडग्यांच्या भागासाठी व तळघरासाठी तिकीट लागते. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असल्याने तो भाग दुपारी उघडतो. संध्याकाळच्या सुमारास पश्चिमेकडून ऊन आत येते, तर प्रदक्षिणामार्ग पाहण्यासाठी सकाळ उत्तम. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार हे बाजाराचे दिवस. १८९३ साली बांधलेल्या लोखंडी मंडईत आणि बाहेरच्या चौकात भाजी, मसाले, मासळी आणि कापडाची एवढी गर्दी असते, की इथल्या आजच्या रहिवाशांची ओळख तिथेच सर्वांत लवकर होते. मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी बॅसिलिका, दुपारी बाजार व संग्रहालय आणि त्यानंतर कालव्याच्या काठाने मैदानापर्यंत चालत जाणे, असा क्रम ठेवल्यास एक पूर्ण दिवस पुरतो. मात्र अनेक फ्रेंच संग्रहालये मंगळवारी बंद असतात, म्हणून संग्रहालयाची वेळ आधी तपासावी. रेल्वे आणि बाजाराच्या गर्दीत खिसा-पाकीट सांभाळावे, जसे पॅरिसच्या कोणत्याही गर्दीत सांभाळावे लागते.